इशारा पावलाशी, धोका गळ्याशी

चिलखत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लोहार येतो. भट्टी, घण, ठिणग्या. मी घरी केलेलं चिलखत बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "कितीचा पत्रा?" विचारणारे बहुतेक सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतले, माझ्यासारखेच दिवसभर पत्र्यात वावरणारे. "पत्रा नाही, फोम आहे," म्हटलं की त्यांचा निम्मा उत्साह तिथेच मावळतो. उरलेला निम्मा मी पुढच्या वाक्यात घालवतो, कारण माझं म्हणणं असं आहे की चिलखत हे मुळात शिंपीकाम आहे. धातूचं असो, फोमचं असो की चंद्रावर नेलेलं असो. ज्याला अंगाचं माप कळतं त्यालाच ते जमतं.

मी एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो. हॉपर, डक्ट, धूळ खेचणारे सायक्लोन. सपाट पत्र्यावर आकार उलगडून आखायचा, कापायचा, वाकवायचा आणि सांधा वेल्ड करायचा. या उलगडण्याला आमच्याकडे डेव्हलपमेंट म्हणतात. डिप्लोमाला ती डोक्यावरून गेली होती, नंतर पोटापाण्यासाठी हातात बसली. कथा-सिनेमांतल्या अंतराळवीरांची चिलखतं बघताना मला पात्रांपेक्षा त्यांच्या कोपराचा सांधा कसा केलाय हेच जास्त दिसतं. घरचे याला कंटाळलेले आहेत.

कुठल्याही पडद्यावरच्या हिरोची नक्कल करायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. नकलेतही मोठं कसब असतं. हुबेहूब करणारे लोक एकेका खिळ्याच्या जागेसाठी रात्री जागवतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण नक्कल करताना एक प्रश्न आपल्याला पडतच नाही, कारण तो दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेला असतो. हे चिलखत कशापासून वाचवतं? मला तोच प्रश्न सोडवायचा होता, आणि सांगलीत बसून सोडवायचा तर उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. इथे ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की "काय चाललंय" विचारण्याआधी "किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हा तो प्रश्न. १९२९ सालचा हा पूल. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ चा पूर पाहिलेल्यांना वाटलं होतं की याच्या वर आता काही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा शहरात शिरलं.

तेव्हा माझा नायक ठरला, सन २११९ मधला पूररक्षक. त्या काळात पूर हा अपघात राहिलेला नाही, ऋतू झालेला आहे, आणि महापालिकेच्या पगारावर अशी माणसं आहेत जी पाण्यातून चालत घरोघर जातात. त्यांच्याकडे शस्त्र नाही. दोर आहे, आकडा आहे, खांद्यावर दिवा आहे. चिलखत भगवट-नारिंगी, लांबून दिसणारं. आणि पायापासून वर चढत जाणारी पट्टी, पुलाजवळच्या मोजपट्टीसारखे आकडे लिहिलेली.

या पट्टीनेच मला सगळं डिझाइन दिलं. इशारा आणि धोका यांत पाच फुटांचं अंतर आहे. माझ्या तळपायापासून हनुवटीपर्यंतचं अंतरही जवळपास पाच फूट भरतं. म्हणजे बुटाच्या तळाला ४० लिहिलं की ४५ बरोबर गळ्याशी येतो. टेप घेऊन भिंतीला टेकून उभा होतो तेव्हा हे लक्षात आलं आणि मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. इशारा पावलाशी, धोका गळ्याशी. ज्याने कुणी या पातळ्या ठरवल्या त्याच्या मनात असलं काही नसणार, त्या नदीकाठच्या जमिनीच्या उंचीवरून ठरतात. पण आकडा अंगावर आला की त्याचा अर्थ वेगळा लागतो. सत्तावन्नला माझ्या उंचीत जागाच नाही. तो माझ्या डोक्यावर आणखी दोन माणसं उभी केली तरच येईल.

आता फोम. याचं पूर्ण नाव इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, पण ते दुकानात घेऊ नये. 'ईव्हीए' म्हटलं तर काही जणांना कळतं. "चपलेच्या तळाला असतो तो, शीटमध्ये" म्हटलं की सगळ्यांना कळतं. चप्पल-बुटांचं सामान विकणाऱ्यांकडे जाड शीट मिळते आणि पातळ रंगीत शीट स्टेशनरीच्या दुकानात. गणपतीच्या आधी तर ती हमखास असते. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून मखर करणारे पुठ्ठा, कापड आणि फोमकडे वळले, त्यामुळे भाद्रपदाच्या तोंडावर या मालाची सोय चांगली होते. मी छाती, पाठ आणि मांड्यांना १० मिमी वापरला, हातांना ५ आणि वरच्या नक्षीला २.

या फोमच्या आत हवेचे असंख्य बंद कप्पे असतात, म्हणून तो हलका असतो आणि पाणी पीत नाही. लाइफ जॅकेटच्या पोटातही बंद कप्प्यांचाच फोम असतो. म्हणजे माझा पूररक्षक पाण्यात पडला तर तरंगेल, एवढं तरी विज्ञान त्याच्या बाजूने आहे. (तरी हे घालून कुणी नदीत उतरू नये. लाइफ जॅकेट तोंड पाण्याबाहेर राहील अशा हिशेबाने केलेलं असतं. मांडीला बांधलेला फोम पाय वर उचलतो आणि डोकं खाली घालतो.)

हीट गनची ऊब दिली की फोमचा पृष्ठभाग किंचित तकाकतो, बारीक छिद्रं मिटतात. त्याच वेळी हव्या त्या आकारात वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. मग तो आकार तसाच राहतो. कापायला कटरचं पातं नवंच हवं. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं. दोन तुकडे कोनात जोडायचे असतील तर पातं तिरकं धरून कड छाटायची. चिकटवायला सुतार सनमायका बसवताना वापरतात ते एसआर. ते दोन्ही कडांना लावायचं आणि थांबायचं. बोट लावल्यावर तार निघायची बंद झाली की एकदाच, नीट, कडेला कड भिडवायची. ते धरलं की धरलं, सरकवायला दुसरी संधी नाही. आणि हे काम गच्चीवरच करावं. त्याच्या वाफेने डोकं जड होतं. नाकाला बांधलेला रुमाल धुळीपुरता चालतो, वाफ त्यातून सरळ आत जाते.

मोजमाप मात्र पत्र्याचंच. जाड वस्तू वाकवली की तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणते आणि मधली रेघ तेवढी मूळ लांबीची राहते. हाताच्या पोटरीचा घेर २८ सेंटिमीटर असेल आणि फोम १० मिमीचा, तर तुकडा २८ चा कापून भागत नाही. अर्ध्या जाडीच्या हिशेबाने त्यात आणखी ३.१४ सेंटिमीटर, म्हणजे चक्क गणितातल्या 'पाय' (π) एवढी लांबी धरावी लागते. त्यात आत शर्ट, आत हवा. हे गणित मी रोज करतो. हातांची नळकांडी म्हणून एका बैठकीत झाली, मांड्यांचे शंकू दुसऱ्या बैठकीत.

छाती नळकांडं नाही. ती शंकूही नाही. ती दोन्ही दिशांना एकाच वेळी वळते, आणि असा आकार सपाट शीटमधून नुसता वाकवून निघत नाही. कार्ल फ्रिडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध करून ठेवलं आहे. गोलाचा तुकडा ताणल्या-चुरगळल्याशिवाय सपाट होत नाही आणि सपाट तुकडा तसाच गोल होत नाही. पृथ्वीचा कुठलाही कागदी नकाशा कुठे ना कुठे खोटं बोलतो तो याच कारणाने. पण मोदकाची पारी वळणाऱ्या कुठल्याही बाईला हे गाऊसच्या आधीपासून माहीत आहे. कडेला जास्त होणारा घेर कुठेतरी गोळा करावा लागतो, म्हणून कळ्या पाडतात. कारखान्यात आम्ही अशा आकाराला पत्रा प्रेसखाली घालतो आणि जबरदस्तीने ताणतो. माझ्या गच्चीवर प्रेस नव्हता.

माझी मावशी गावभागात ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान, मशीन खिडकीशी. पुराची बातमी आली की आधी मशीन माडीवर जातं, मग धान्य. तिच्याकडे मी छातीचा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गेलो. पुढचा एक भाग, मागचा एक, बाजूला दोन पट्ट्या. तिने तो माझ्या अंगाला लावला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाली, "हे पिंपाला होईल. तुला कशाला?"

मी तिला गाऊस सांगितला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे टक्स घाल की. त्यात एवढं काय?" टक्स म्हणजे कापड चिमटीत धरून शिवलेली निमुळती घडी.

नंतर जे झालं ते तिच्या दुकानात पुरुषमाणसाच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं असणार. जुना बनियन घालून मी उभा राहिलो, अंगाभोवती स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली आणि वरून पॅकिंगची टेप, आडवी-उभी, घट्ट. जगभरचे असली चिलखतं करणारे लोक हीच युक्ती वापरतात. टेपचा कडक सांगाडा तयार झाला की त्यावर पेनने रेघा आखायच्या आणि रेघांवरून कापून सांगाडा अंगावरून उतरवायचा. कुठल्या रेघेवर कापायचं, यातच सगळी गोम आहे. मी मधोमध एक उभी रेघ म्हणत होतो. मावशीने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. खांद्याच्या मध्यापासून निघून छातीच्या सर्वांत उंच जागेवरून कमरेपर्यंत उतरणारी एक रेघ, दोन्हीकडे. मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलातून, निघून तिला मिळणारी दुसरी. "हा प्रिन्सेस कट. आणि तुझं पोट सुटलंय तिथे खाली एक टक्स."

कापून तुकडे टेबलावर टाकले तर एकेक जवळजवळ सपाट बसला. जिथे वळण बदलतं तिथूनच तिने कापलं होतं, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला वळणाचा थोडाच हिस्सा आला होता. फोम तेवढा उबेने ऐकतो.

फक्त एक गोष्ट तिला शेवटपर्यंत पटली नाही. कापडाला माया सोडावी लागते, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. फोमला माया नाही. कड कडेला टेकते आणि झालं. "म्हणजे उद्या जाड झालास की फेकून द्यायचं?" तिने विचारलं. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी बाजूच्या जोडांना चिकटवायच्या ऐवजी वेल्क्रो आणि इलास्टिक लावलं. तिथे आता चार बोटं वाढायला जागा आहे आणि घालणं-काढणंही सोपं झालं.

मुघल काळातलं 'चारआईना' चिलखत संग्रहालयांत बघायला मिळतं. छातीला एक, पाठीला एक आणि दोन्ही कुशींना एकेक अशा चार पोलादी पाट्या पट्ट्यांनी बांधलेल्या. पाट्या साधारण सपाट, म्हणजे दोन्ही दिशांच्या वळणाचा प्रश्न त्या कारागिरांनी सरळ टाळलेला. पण कुशीच्या पाट्यांची वरची कड चंद्रकोरीसारखी आत कापलेली असते, काखेसाठी. तो फोटो मावशीला दाखवला. तिने मान हलवली. "मुंढा बरोबर काढलाय."

शिंपीकामाची माझी बाजू सगळ्यात भक्कम करणारा साक्षीदार मात्र चंद्रावरचा आहे. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने घातलेला अंतराळपोशाख ज्या अमेरिकन कंपनीने केला, ती इंटरनॅशनल लॅटेक्स कॉर्पोरेशन. बाजारात तिची ओळख प्लेटेक्स या नावाने बायकांच्या ब्रेसियर आणि कमरपट्टे करणारी म्हणून. १९६५ मध्ये या कामासाठी स्पर्धा झाली तेव्हा समोर विमानउद्योगातल्या मुरलेल्या कंपन्या होत्या आणि त्यांचे पोशाख चाचण्यांत मागे पडले. डोव्हर गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी शिलाई मशीनवर थरावर थर शिवले, एकूण एकवीस. टाका अर्ध्या मिलिमीटरनेही चुकून चालत नव्हता. टाचण्या मोजून दिल्या जात आणि मोजून परत घेतल्या जात, कारण आत राहिलेली एक टाचणी म्हणजे छिद्र. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने टाचणी तोंडात धरूनच विचारलं, "शिलाई किती दिली त्यांना?"

कपडे शिवून भविष्यकाळात जाण्याची ही हौस तशी जुनी आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेला आणि नाव त्याचं झालं. तो पोशाख शिवला होता त्याच्यासोबत आलेल्या मर्टल डग्लसने. तिने स्वतःचाही शिवला होता.

सांध्यांकडे येतो. चिलखतात खरा जीव तिथे असतो. पंधराव्या शतकातलं युरोपी पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोंचं असूनही ते घालून माणूस घोड्यावर चढायचा, कारण कोपर, खांदा, गुडघा इथे पोलादाच्या अरुंद पट्ट्या एकावर एक सरकतील अशा बसवलेल्या असत. अंतराळात अडचण उलटी आहे. आत हवेचा दाब असल्याने पोशाख फुगतो आणि हात वाकवला की आतली जागा कमी होऊन हवा विरोध करते. १८ मार्च १९६५ ला अलेक्सेई लिओनोव्ह माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा यानाबाहेर तरंगला आणि परत येताना त्याचा पोशाख इतका फुगला की दारातून आत जाईना. शेवटी त्याने पोशाखातली हवा सोडून दाब कमी केला आणि कसाबसा आत शिरला. चंद्रावरच्या पोशाखात म्हणून सांध्यांना घड्यांचं रबर होतं आणि दोन्ही बाजूंनी केबल. वाकवलं की एका अंगाच्या घड्या मिटतात, दुसऱ्या अंगाच्या उघडतात आणि आतली जागा तेवढीच राहते.

घड्या म्हटल्यावर मिरजेला कुणाला पेटीचा भाता आठवणार नाही? मी एका पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांवर कापड, कोपऱ्यांना मऊ चामडं. त्यांनी मला घडी कशी मोडायची ते दाखवलं आणि मग माझं काम ऐकून हसले. "भात्याचं कामच हवा ढकलणं. तुम्हाला तर हवा हलायला नकोय." अगदी खरं होतं. भाता एका कडेला बांधलेला असतो म्हणून मिटला की जागा कमी होते. बांधायची जागा कडेवरून मध्यावर आणली की तोच भाता अंतराळवीराचं कोपर होतो. कोपराच्या दोन्ही अंगांना, बरोबर हाड असतं तिथे, मी न ताणणारी नायलॉनची पट्टी शिवून घेतली आणि पुढे-मागे घड्या मोकळ्या सोडल्या. माझ्या पोशाखात हवेचा दाब नाही, त्यामुळे याची काही गरज नव्हती. पण हात वाकवला की घड्या आत मिटतात, बाहेर उघडतात, आणि बघणाऱ्याला कारण न कळताही ते खरं वाटतं.

मिरजेला मी तसाही जाणारच होतो, शिरस्त्राणासाठी. डोकं म्हणजे छातीपेक्षा अवघड. सगळीकडून गोल, आणि टक्स घातले तर दिसतात. ताणायला साचा हवा. सतारमेकर गल्लीत गेलं की दारोदार भोपळे टांगलेले, रचलेले दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे, वाळून टणक झालेले, आत पोकळ. या गल्लीचा इतिहास माझ्या कामाला फारच जवळचा आहे. इथल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-हत्यारांना धार लावणारे, दुरुस्त करणारे. हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून ते तंबोरे आणि सतारी करू लागले. आज देशभरातल्या मैफलींत मिरजेचे तंबोरे वाजतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ढाल-तलवारीच्या घरातून वाद्य निघालं, आणि मी तिथे वाद्याच्या दुकानातून शिरस्त्राण मागायला उभा.

तंबोऱ्याचा भोपळा डोक्याला फार मोठा होतो. सतारीच्या मापाचा, बाजूने चीर गेल्यामुळे वाद्याला निकामी ठरलेला एक मिळाला. देणाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत, पण "फोडू नका हं" असं दोनदा बजावलं. भोपळा पाण्यात भिजवून मगच कापायचा, कोरडा कापला तर तडकतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्याच्यावर मी गरम फोम ताणून पाठीमागची टोपी केली. मग वाटलं, भोपळाच का नको? आतून जुन्या धोतराच्या पट्ट्या फेव्हिकॉलने लावल्या, चीर बुजली, आणि आता शिरस्त्राणाचा मागचा अर्धा भाग खरा भोपळा आहे, पुढचा फोमचा. डोळ्यांपुढे स्कूटरच्या हेल्मेटची काच, ती एकाच दिशेला वळते म्हणून बसवायला सोपी. श्वासाने तिच्यावर वाफ धरते, म्हणून कपाळाशी पाच व्होल्टवर चालणारा चिमुकला पंखा आणि कमरेला पॉवर बँक. पंखा चालू केला की बाहेरचं ऐकू येत नाही. पण भोपळ्याच्या आत स्वतःचा आवाज घुमतो तो ऐकण्यासारखा असतो. गाणाऱ्या माणसाने एकदा घालून बघावं.

रंगाविषयी माझी मतं ठाम आहेत. फोमवर थेट रंग मारला तर तो शोषला जातो आणि वाकवताना तडकतो, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे पातळ हात, प्रत्येक हात वाळवून. वर ॲक्रिलिक. एवढं कुणीही करेल. पण कोरं करकरीत चिलखत ही थाप असते. वापरलेल्या वस्तूला मळ असतो, आणि मळ कुठेही बसत नाही, कारण असेल तिथेच बसतो. पुष्कळ जण चांगल्या कामावर शेवटी काळा-तपकिरी रंग सरसकट फासतात आणि सगळं वाया घालवतात.

पुराचा मळ कसा असतो हे सांगलीकराला पुस्तकात बघावं लागत नाही. पाण्याची रेघ वरच्या कडेला धारदार असते, खाली विरत जाते. पाणी एकदम उतरत नाही, थांबत थांबत उतरतं, म्हणून मुख्य रेघेखाली दोन-तीन पुसट रेघा असतात. गाळ ओला असताना काळा आणि वाळला की फिकट, राखाडीकडे झुकणारा. तो खाचेत, जोडात, बक्कलाच्या मागे राहतो, सपाट भागावरून निघून जातो. घाटावरचा गाळ आणून वाळवला, चाळला, फेव्हिकॉलमध्ये कालवला आणि तोच वापरला. त्या जागेला दुसरा रंग चाललाच नसता. रेघ मी ४४ च्या आकड्याशी ओढली.

गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात ते घातलं. विविध गुणदर्शन म्हणजे आमच्याकडे लहान मुलांची वेशभूषा, दोन जिजाऊ, तीन मावळे, एक भाजीवाली आणि निवेदकाने मधे घुसडलेले विनोद. त्यांच्यामागून मी. खांद्यावरचा दिवा लावला, पंखा लावला, स्टेजवर चढलो. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानाशी हात नेऊन "अललडुर्र!" अशी आरोळी ठोकली आणि सगळी म्हातारी मंडळी हसली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने मराठी नाटक उभं केलं तेव्हा राक्षस असेच आरडत रंगमंचावर यायचे, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. भविष्यकाळातून आलेल्या माणसाला सांगलीने राक्षसाच्या जागी बसवलं. मला आवडलं.

कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं होतं मुलं येतील. मुलं आलीच, पण ती दिवा चालू-बंद करून पांगली. थांबली ती मोठी माणसं. त्यांनी पट्टी वाचली, रेघ पाहिली, आणि मग एकेक जण जवळ येऊन माझ्या अंगावर बोट ठेवू लागला. "आमच्या हॉलमध्ये इथपर्यंत." मांडीवर. "दुकानात इथे, फ्रीज आडवा तरंगत होता." बरगडीवर. सूर्यवंशी प्लॉटमधून हल्ली इकडे राहायला आलेल्या एका काकूंनी हात उंच केला आणि भोपळ्याच्या वर वीतभर अंतरावर हवेत धरला. "माळ्यावर आल्बम होते. तिथपर्यंत." एका निवृत्त ओव्हरसियर काकांना पट्टीच मान्य नव्हती. नदीची पातळी म्हणजे घरातलं पाणी नव्हे, प्रत्येक गल्लीचा तळ वेगळा, त्यामुळे तुमचे ४० माझ्या दारात लागू नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मग त्यांनीही स्वतःच्या दाराचा हिशेब करून माझ्या कमरेवर बोट टेकवलं.

आत मी घामाने निथळत होतो. फोम उष्णता बाहेर सोडत नाही, अस्तर चिकटलेलं, पंख्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं. पण काढता येईना, कारण रांग लागली होती. लोक माझ्याशी बोलतच नव्हते. एकमेकांशी बोलत होते, आणि मी मध्ये भिंतीसारखा उभा. २००५ मोठा की २०२१, कोण कुणाच्या गच्चीवर राहिलं, कुणाच्या म्हशी सोडल्या, दुधाच्या पिशव्या कुणी वाटल्या. मावशी माझ्या पाठीशी येऊन खांद्याची पट्टी ओढून बघत होती. तिला तेवढ्यात दिसलं होतं की हात वर केला की पाठीचा भाग मानेत टोचतो. "मुंढा अर्धा इंच उतरवायला पाहिजे," ती पंख्याच्या आवाजावर ओरडून म्हणाली.

मुंढा नंतर उतरवला. खांद्याखाली उरेब कापडाची पट्टी घातली, ती तिरपी कापलेली असल्याने ताणते, आता हात कानापर्यंत जातो. राहिलेत ते हातमोजे. अंतराळपोशाखातही सगळ्यात किचकट भाग तोच होता. प्रत्येक अंतराळवीराच्या हाताचे साचे काढून त्याच्यापुरते मोजे करत, बोटांच्या टोकांना वेगळं सिलिकॉन रबर, स्पर्श कळावा म्हणून. माझ्या पूररक्षकाला दोराची गाठ सोडता आली पाहिजे, म्हणजे फोम बोटांवर चालणार नाही. मावशीने माझा पंजा कागदावर ठेवून आखून घेतलाय. तिचं म्हणणं, बोटांच्या मधल्या जागेत पट्टी आणि अंगठ्याच्या मुळाशी कळी घातल्याशिवाय मूठ वळणार नाही, आणि एवढी बारीक कळी तिने आजवर घातलेली नाही. लग्नसराई संपली की बघू, म्हणालीय. तोवर पूररक्षक स्कूटरचे ग्लोव्हज घालतो. त्यांच्यावरची कंपनीची अक्षरं मी काळ्या रंगाने झाकली आहेत.